कल्पनेनं राम भेटतो का? (समर्थ, जवारी आणि न छेडलेला गंधार)

खर्ज

रंगभूमी दिनाच्या एका भाषणात सांगलीत ऐकलं: कलावंत हा परमेश्वराचा अंश असतो, निर्मिती म्हणजे साक्षात्कारच. टाळ्या पडल्या. वाक्य इतकं गुळगुळीत की कुठं नखही लागू नये. चांगल्या कवितेला लावा, वाढदिवसाच्या फ्लेक्सवरच्या चारोळीला लावा, सगळीकडं बसतं. जे सगळीकडं बसतं त्यानं काही सांगितलं असं मी मानत नाही. म्हणून जुन्या लोकांनी या विषयावर काय म्हटलंय ते काढून वाचायला बसलो, आणि सुरुवातीलाच अडलो.

अडलो ते सज्जनगडापाशी. मनाच्या श्लोकांत समर्थ बजावतात, 'मना कल्पना कल्पितां कल्पकोटी । नव्हे रे नव्हे सर्वथा रामभेटी'. कोटी कल्पं कल्पना करत बसा, राम काही भेटायचा नाही. विषय संपला? पण हेच समर्थ दासबोधाच्या पहिल्या दशकात कवींना वंदन करताना त्यांना 'शब्दसृष्टीचे ईश्वर' म्हणतात. पुढं चौदाव्या दशकात तर कवित्वाची चक्क प्रतवारी लावतात. मनात येईल ते बळंच जुळवलं तर ते धीट. पुष्कळ ग्रंथ वाचून त्यांच्यासारखंच रचलं तर ते पाठ. आणि ज्याला वैभव नकोसं झालंय, ज्याचं आतलं अनुसंधान सुटत नाही, तो जे सहज बोलून जातो ते प्रासादिक. म्हणजे कल्पनेनं राम भेटत नाही, पण रामात मुरलेल्या माणसाच्या तोंडून कविता येते. क्रम उलटा आहे.

पतंजलींकडं गेलो तर ते आणखी कडक. चित्ताच्या पाच वृत्ती: प्रमाण, विपर्यय, विकल्प, निद्रा, स्मृती. यातला विकल्प म्हणजे शब्द आहे पण त्यामागं वस्तूच नाही, सशाचं शिंग म्हणतात तसं. आणि योग म्हणजे या वृत्तींचा निरोध. या हिशेबानं आमचे सगळे नाटककार वृत्तींचे घाऊक व्यापारी ठरतात.

काश्मीरची मंडळी मात्र दुसऱ्या टोकाला. अभिनवगुप्तांचे गुरू भट्टतौत यांनी प्रतिभेची व्याख्या केली: नवनव्या उन्मेषांनी शोभणारी प्रज्ञा. नुसतं मनोराज्य नव्हे, प्रज्ञा! त्याआधी नवव्या शतकात आनंदवर्धनांनी काव्याच्या अपार संसारात कवी हाच एकटा प्रजापती असतो असं म्हणून ठेवलंय. आणि आपल्या ज्ञानेश्वरांनी अमृतानुभवात जग ही नुसती भूल न ठरवता चैतन्याचा विलास ठरवला. मला ही बाजू जवळची वाटते. जग हेच जर कुणाच्या तरी स्फुरणातून आलं असेल, तर माणसाला काही स्फुरणं ही त्याच गोष्टीची लहान आवृत्ती झाली.

पण मग फ्लेक्सवरची चारोळी? तीही स्फुरणच की.

इथं मला तंबोरा आठवतो. नेहमीच्या तंबोऱ्याला चार तारा, प सा सा सा. गंधाराची तार नाही. पण वाद्य सुरात लागलं आणि जवारी, म्हणजे तारा जिच्यावरून जातात त्या घोडीच्या माथ्याची घडण, चांगली असली की गंधार ऐकू येतो, स्वच्छ. गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. तो कुणी छेडलेला नसतो. त्याच्यासाठी खुंटी नाही. तुम्ही करू शकता ते एवढंच की बाकीच्या चारही तारा इतक्या नेमक्या जुळवायच्या की तो यायला मोकळा राहील. माझं म्हणणं असं की कल्पनाशक्तीला आध्यात्मिक अर्थ असेल तर तो या 'मोकळं राहण्यात' आहे. ती कुठून आली, देवाकडून की मेंदूतून, हा प्रश्न दुय्यम. ती येताना माणसातला 'मी' बाजूला सरला की फुगला, त्यावरून तिची जात ठरते. समर्थांचा राग फुगणाऱ्या कल्पनेवर आहे.

शंकासुर इथं असतीलच. त्यांनी दांडपट्टा काढावा.

हळदबाजार

वाचनखूण साठवली. रात्री भडंग घेऊन सावकाश वाचतो.

शंकासुर

काढला.

खर्जराव, गंधाराचा दाखला तुमच्याच अंगावर येतोय. तो गंधार तुमच्याच नावाच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या 'सा'च्या, तारेत असतो. तार छेडली की मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंपनसंख्येचे स्वरांश वाजतात. खर्जाचा पाचवा स्वरांश म्हणजे दोन सप्तकं वरचा शुद्ध गंधार. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये तंबोरा आणि वीणेवर लिहिलं ते यासाठीच. तार ज्या बिंदूवर छेडली तिथं ज्या स्वरांशाचा निस्पंद, म्हणजे न हलणारा बिंदू, पडतो, तो स्वरांश उमटू नये असा जुना नियम. तंबोऱ्याच्या रुंद, बाकदार घोडीमुळं तो नियम मोडतो आणि एरवी दबलेले स्वरांश वर येतात. यात स्वयंभू काही नाही, घोडीचा बाक आहे.

कल्पनेचंही तसंच. ग्रॅहम वॅलस यांनी १९२६ मध्ये चार पायऱ्या सांगितल्या: तयारी, मुरवण, लख्ख होणं आणि पडताळणी. आपण तिसऱ्या पायरीवर फुलं वाहतो, पहिल्या दोन विसरतो, चौथीकडं तर बघतच नाही. रामानुजन म्हणायचे की नामगिरी देवी सूत्रं देते. पण १९१३ मध्ये हार्डींना पाठवलेल्या पत्रांतले मूळसंख्यांबद्दलचे काही दावे चुकीचे निघाले. ते कुणी दिले? बरोबर आलं की देवीचं, चुकलं की आपलं, हा हिशेब सोयीचा आहे.

मेंदूत एक जाळं आहे, २००१ मध्ये मार्कस राइकल आणि सहकाऱ्यांनी त्याच्या कामाला 'डीफॉल्ट मोड' म्हटलं, त्यावरून पुढं नाव पडलं डीफॉल्ट मोड नेटवर्क. ठरावीक काम नसताना, मन भटकत असताना ते जास्त चालतं. नवीन कल्पना सुचवण्याच्या चाचण्यांत ते आणि लक्ष ताब्यात ठेवणारी जाळी हातात हात घालून काम करताना दिसतात. तुमचं 'मोकळं राहणं' हेच असेल. मग त्याला आध्यात्मिक म्हणायची गरज कुठं पडली?

कुपवाड सेकंड शिफ्ट

आम्ही लेथवाले. आमचा कुणी या चर्चेत विचार करत नाही म्हणून लिहितो.

ड्रॉइंग हातात आलं की जॉब आधी डोक्यात फिरतो. कुठल्या बाजूनं धरायचा, टूल कुठं आपटेल, कुठला कट आधी घेतला तर पुढं पकडायला जागाच उरणार नाही. हे सगळं चक चालू व्हायच्या आधी. ज्याला हे दिसत नाही त्याचं रिजेक्शन बघा. जिग-फिक्स्चर करणारा आमचा एक जुना टर्नर डोळे मिटून बसायचा. साहेब म्हणायचे झोपलाय. उठला की नवीन फिक्स्चर तयार, पहिल्या फटक्यात.

आणि लक्ष्मणराव किर्लोस्कर! माणूस मुंबईला जे. जे.त चित्रकला शिकायला गेला. रंग नीट ओळखता येत नाहीत म्हणून रंगवणं सुटलं आणि यांत्रिक ड्रॉइंग उरलं. पुढं लोखंडी नांगर. १९१० साली औंध संस्थानात कुंडल रोड स्टेशनजवळ माळ मिळाला, तीच आजची किर्लोस्करवाडी. माळ देणारे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रं काढणारे. रंग न दिसणाऱ्या चित्रकाराला एका चित्रकार राजानं जमीन दिली, यापेक्षा भारी गोष्ट मला तरी माहीत नाही. आता सांगा, नांगर धीट, पाठ की प्रासादिक?

हळदबाजार

नांगर प्रासादिकच. त्याशिवाय प्रसादाला गहू कुठनं येणार?

अजिंक्यतारा

साताऱ्याहून लिहितो. चाळीशीपर्यंत मीही शंकासुरांच्या गटात होतो, आता कुंपणावर आहे.

खर्ज, तुम्ही समर्थांचं अर्धंच घेतलंत. दासबोधाच्या सातव्या दशकात कल्पनेवर स्वतंत्र विवेचन आहे. तिथं ते कल्पना टाका असं नुसतं म्हणत नाहीत, दोन वाटा करतात. शबल कल्पना द्वैत रंगवत बसते: मी, माझं, त्याचं. शुद्ध कल्पना निर्गुणाची कल्पना करते. आणि निर्विकल्पाची कल्पना करायला गेलं की कल्पना तिथंच विरते, कारण तिला धरायला काही उरत नाही. म्हणजे कल्पनेवरचा उपायही कल्पनाच. कल्पनेला हाकलून नाही, तिला तिच्या आवाक्याबाहेरचं काम देऊन संपवायचं. हे मला मानसशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकापेक्षा हुशारीचं वाटतं.

शंकासुर, तुमची चौथी पायरी समर्थांना ठाऊक होती बरं. प्रचीतीवाचून बोलणं त्यांना कंटाळवाणं वाटतं, तोंड पसरून रडणाऱ्या कुत्र्यासारखं, ही उपमा त्यांचीच. तेव्हा 'देवीनं सांगितलं म्हणून खरं' हे ते तरी कधी मान्य करणार नाहीत.

एक शंका मात्र खर्जना. 'मी' बाजूला सरला की नाही हे बाहेरून कसं कळणार? तुकोबा म्हणतात, 'काय म्यां पामरे बोलावीं उत्तरें । परि त्या विश्वंभरें बोलविलें'. तुकोबांचं आपण मानतो. पण आज हीच ओळ म्हणून मंचावर मान तुकवणारे कितीतरी कवी मी पाहिलेत, पुढच्या रांगेत फोटोग्राफर असताना.

खर्ज

अजिंक्यतारा, सातव्या दशकाचं बरं आणलंत. माझ्या मांडणीत तीच कडी कमी होती.

बाहेरून कळत नाही, हे खरं. पण ऐकणाऱ्याला काही तरी कळतं. राजशेखर काव्यमीमांसेत प्रतिभेचे दोन प्रकार करतो: कारयित्री म्हणजे कवीची आणि भावयित्री म्हणजे रसिकाची. मला हे फार मोठं वाटतं. कविता करायला प्रतिभा लागते हे सगळेच म्हणतात. ती पोचायलाही प्रतिभाच लागते, तितकीच, हे म्हणणारे कमी. म्हणजे रांगेत बसलेला माणूस रिकामा डबा नाही. मान तुकवणाऱ्या कवीचं बिंग तिथंच फुटतं.

शंकासुर, स्वरांश असतोच हे मान्य. मी कुठं म्हटलं तो आकाशातून पडतो? पण तो 'असतोच' तर खराब जवारीच्या तंबोऱ्यावर का येत नाही? असणं आणि उमटणं यांच्यामध्ये जे काम आहे, मला त्याबद्दल बोलायचंय. तुमच्या जाळ्यांचंही तेच. जाळं सगळ्यांच्या डोक्यात आहे.

मिरजेचं कुणी आहे का इथं, जवारीबद्दल सांगणारं?

कानस

आहे. मी वाद्यांच्या धंद्यात, मिरजेतच. एरवी नुसता वाचून जातो.

आधी थोडं जुनं. मिरजेत तंबोरे करणारी घराणी मूळची शिकलगारांची. हत्यारांना धार लावणारे लोक. संस्थानांची हत्यारं थंडावली तशी धार लावायची कामं कमी झाली, आणि फरीदसाहेबांपासून तंबोरे सुरू झाले, दीडशे वर्षांच्या वर झाली त्याला. २०२४ मध्ये इथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. भोपळा पंढरपूर, मंगळवेढ्याकडचा. तो मनासारखा मिळणं हेच निम्मं नशीब.

आता जवारी. घोडीचा माथा बघायला सपाट वाटतो, तो सपाट नसतो. पुढच्या अंगाला अगदी थोडा उतार असतो, नखानं चाचपलं तर लागेल न लागेल एवढा. तार त्या उतारावरून टेकत न टेकत जाते. कानशीचा एखादा हात मारायचा, तार चढवायची, छेडायची, ऐकायचं. परत उतरवायची. आवाज बसका आला तर एका जागी, चरचरीत आला तर दुसऱ्या जागी. एक हात जास्त बसला की ती जागा गेली, मग सगळा माथा पुन्हा खाली घ्यायचा. शेवटाला सूत. तारेखाली दोरा घालायचा आणि केसाकेसानं मागंपुढं सरकवायचा. एका जागी आवाज एकदम उघडतो. तिथं हात काढायचा.

गवई येतात, एक म्हणतो जरा गोल करा, दुसरा म्हणतो खुली पाहिजे. ज्याला जसं पाहिजे तसं. हा आवाज आधी माझ्या कानात असावा लागतो. हातात काही नसतं, हात नुसते मागनं येतात. ज्या पोराच्या कानात तो नाही त्याला दहा वर्षं कानस धरायला दिली तरी लाकूडच घासणार. आणि कान कसा येतो म्हणाल, तर बिघडलेले तंबोरे ऐकून. चांगले ऐकून येत नाही.

देवाचं म्हणाल तर बसताना नाव घेतो. पण गिऱ्हाईकाचा तंबोरा बोलला नाही तर देवाला मधी घालत नाही. अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर इथल्या मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात आहे, १९३७ ला गेले. दर वर्षी उरुसाला तिथं गाणं होतं, मोठमोठे येऊन गातात, बिदागी न मागता. तिथं तंबोरा लावायला बसलं की हात वेगळा चालतो एवढं खरं. का चालतो ते मला सांगता येणार नाही आणि शोधायचंही नाही.

शंकासुर

कानसभाऊ, हा प्रतिसाद धाग्याच्या वर बांधून ठेवायला पाहिजे. 'बिघडलेले ऐकून कान येतो' हे एकच वाक्य वॅलस यांच्या चार पायऱ्यांपेक्षा जास्त सांगतं. माझा मूळ आक्षेप मात्र तसाच आहे. तुमच्या कानातला आवाज तुम्ही वर्षानुवर्षं कमावलाय. तो 'आला' असं म्हटलं की तुमचीच मेहनत कमी होते.

जात्यावरची

शंकासुरदादा, मेहनत कमी होईल ही भीती ज्यांच्या नावावर मेहनत जमा होते त्यांना.

माझी आजी तासगाव भागातली. जात्यावर बसली की ओव्या. तिच्या किती, तिच्या आईच्या किती, शेजारणीच्या किती, तिलाही सांगता आलं नसतं. सुरुवात ठरलेली, 'पहिली माझी ओवी' वगैरे, चाल ठरलेली, पहिली ओळ बहुतेक ऐकलेली. दुसऱ्या ओळीत तिची वेळ यायची. तिथं तिचा भाऊ, तिचं सासर, पंढरीची वाट, न मिळालेलं माहेर, सगळं दोन ओळींत. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रभर फिरून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. एवढं मोठं काव्य आणि त्यावर कवीचं नाव नाही. खर्जदादांना 'मी' सरलेली कल्पना बघायची असेल तर ती इथं आहे, आणि या बायकांपैकी कुणी स्वतःला साधक म्हणवून घेतलं नाही.

पण लगेच आरती ओवाळू नका. पहाटे उठून पायली पायली दळण दळणं हा छळ होता. गिरणी आली आणि ओवी गेली. आजीला त्याचं काडीचं दुःख नव्हतं. उलट गिरणीवाल्याला दुवा द्यायची. मी एकदा विचारलं, ओव्या आठवतात का गं? म्हणाली, हात फिरल्याबिगर येत न्हाईत. मग नुसताच हात फिरवून दाखवला आणि खरंच दोन आल्या. हे तुमच्या कुठल्या जाळ्यात बसवायचं ते बसवा. मला एवढंच दिसतं की तिची कल्पना डोक्यात नव्हती, खांद्यात होती.

अजिंक्यतारा

ताई, अप्रतिम. खांद्याचं पटलं.

हळदबाजार

थोडं अवांतर. आमच्या मंडळात यंदा देवीच्या मागचा पडदा पोरांनी मोबाइलमध्ये एक वाक्य टाकून काढला. यंत्रानं अर्ध्या मिनिटात चित्र दिलं. डोंगर, ढग, सिंह, सगळं झकास, देवीच्या एका हाताला बोटं सहा. तरी छापलं. पूर्वी एक पेंटर यायचा, दोन आठवडे मंडपात राबायचा, चहा आणि बिडी आमची. हे यंत्राचं चित्र समर्थांच्या कुठल्या खान्यात?

अजिंक्यतारा

पाठ. शंभर टक्के पाठ. पुष्कळ पाहून त्यासारखंच रचणं, ही व्याख्या जणू त्याच्यासाठीच करून ठेवलीय. सहावं बोट तेवढं धीट.

पडदा

नाटकवाला आहे, थोडं माझ्या बाजूचं.

विष्णुदास भाव्यांना कल्पना कुणी दिली? १८४२ च्या सुमारास कर्नाटकातली भागवत मंडळी सांगलीत खेळ करून गेली. चिंतामणराव आप्पासाहेबांनी भाव्यांना सांगितलं, असं काही मराठीत करा, यापेक्षा नीटस. ५ नोव्हेंबर १८४३ ला 'सीतास्वयंवर' झालं. म्हणजे मूळ कल्पना कानडी मुलखातली, हुकूम राजाचा, कथा रामायणातली. भाव्यांचं स्वतःचं काय मग? तर मधल्या जागा. पदं भाव्यांची, ती सूत्रधार म्हणायचा. पण पात्रांचं गद्य लिहिलेलंच नसायचं. नटांनी उभ्या उभ्या बोलायचं, राक्षसांनी 'अललडुर्र' करत यायचं. मराठी रंगभूमीची सुरुवात अशी अर्धी बांधलेली आणि अर्धी सोडलेली आहे. मला आजीच्या ओवीत आणि यात फरक दिसत नाही. पहिली ओळ दिलेली, दुसरी तुमची.

आता तक्रार. समर्थांची प्रासादिकाची अट लावली तर आमच्या सांगलीचे खाडिलकर नापास होतात. 'कीचकवध' १९०७ ला आलं. कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन हे पिटातल्या माणसालाही कळत होतं. सरकारलाही कळलं, १९१० ला बंदी आली. त्या नाटकात वैराग्य कुठाय? भडकलेला माणूस भडकवायला बसलाय. पण कल्पनेचं सामर्थ्य मी याहून मोठं पाहिलेलं नाही. समोर सैरंध्री आणि कीचक, डोक्यात हिंदुस्थान आणि व्हाइसरॉय, दोन्ही एकाच वेळी खरे. एकाला दाबायचं तर दुसऱ्यालाही हात लावावा लागतो, म्हणून सरकारला पुराणातल्या गोष्टीवर बंदी घालायची नामुष्की आली. हे जर आध्यात्मिक नसेल तर मला त्या अध्यात्मात रस नाही.

खर्ज

पडदा, तुमच्या तक्रारीनं माझी कसोटी चांगलीच ढिली झाली. खाडिलकरांचा राग 'मी'चा होता का? मला वाटतं नव्हता. तरी 'मी सरला' एवढ्यानं भागत नाही, सरल्यावर त्या जागेत कोण येऊन बसलं तेही बघायला पाहिजे. ओवीत शेजारीण येऊन बसते, कीचकवधात सगळा देश.

बृहदारण्यकात स्वप्नाबद्दल एक जागा आहे. तिथं रथ नसतात, घोडे नसतात, रस्ते नसतात. तरी तो रथ निर्माण करतो, घोडे निर्माण करतो, रस्ते निर्माण करतो. कारण तो कर्ता आहे. ऋषी हे माणसाबद्दल बोलतोय, झोपलेल्या साध्या माणसाबद्दल. ब्रह्मदेवाबद्दल नाही. कुपवाडच्या डोळे मिटलेल्या टर्नरचं वाचताना मला हीच जागा आठवत होती.

अजिंक्यतारा

पडदा, खाडिलकरांना समर्थ नापास करणार नाहीत. समर्थांचंच 'आनंदवनभुवनी' हे काव्य काढून वाचा. सगळ्या जन्मात कल्पनेला दटावणारा माणूस तिथं सांगतो, 'स्वप्नीं जें देखिलें रात्री । तें तें तैसेंचि होतसें'. मोकळा झालेला मुलूख, बुडालेले अधर्मी, स्नानसंध्येला मोकळं पाणी. हे स्वप्न आहे, आणि राजकीय स्वप्न आहे. माझ्या मते शुद्ध कल्पना आणि शबल कल्पना यांच्यामध्ये एक तिसरी त्यांनी स्वतः वापरली आणि तिला नाव दिलं नाही: जे नाही ते आधी पाहून मग त्याच्या मागं लागायचं. चाफळला, गडावर, गावोगावच्या मठांत जी उठाठेव त्यांनी केली ती या तिसरीची.

कुपवाड सेकंड शिफ्ट

म्हणजे ड्रॉइंग. जॉब नंतर.

शंकासुर

आनंदवनभुवनीवर तूर्त माझ्याकडं उत्तर नाही, पण हार मानली असं कुणी लिहू नये. 'तैसेंचि होतसें' हे घडल्यावर म्हणायला सोपं असतं. जी स्वप्नं घडली नाहीत त्यांची काव्यं आपल्यापर्यंत पोचत नाहीत, हा आक्षेप कायम ठेवतो.

खांदा आणि कान या दोन गोष्टी मात्र माझ्या हिशेबात नव्हत्या. कल्पना म्हणजे डोक्यातलं चित्र असंच मी धरून चाललो होतो, खर्जही तसंच धरून चालले होते. कानसभाऊ, पुढच्या उरुसाला दर्ग्यात येतोय. जवारी लावताना शेजारी बसू द्याल का? बोलणार नाही, शपथ.

कानस

या की. पण बोललात तरी चालेल, आमच्यात गप्पा मारतच काम होतं. सूत सरकवताना तेवढं गप.